बापाच्या नावावर

(इथिओपियाच्या उत्तर पठारावरचं एक विद्यापीठ. संशोधन कार्यालयाची खोली, डिसेंबरातली दुपार. संगणक एकच चालू आहे, आणि तोही उपकार केल्यासारखा. त्याच्यापुढे बसलेली बेझावित ही कार्यालयाची प्रमुख, नुकतीच नेमलेली. शेजारी अंगावर जाड सुती गाबी पांघरून बसलेले देमिस्सेव वोल्देयेस, वनस्पती विभागातले तिचे जुने शिक्षक. सगळ्या वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं ती त्यांना 'गाशे' म्हणते. या देशात माणसाला नाव एकच, स्वतःचं. त्याच्यामागे बापाचं नाव लागतं, आडनाव कुणालाच नसतं. बाहेरच्या जगाला हे अजून समजलेलं नाही, आणि समजून घ्यायची घाईही नाही.)

बेझावित: पुन्हा टाकलं तुमचं नाव, गाशे. पुन्हा चारच निबंध दाखवतंय.

देमिस्सेव: चार तर चार. ज्यानं त्यानं आपल्या अकलेप्रमाणे मोजावं.

बेझावित: थट्टा नको हो. पाचला यादी बंद होते. तुमच्या विभागाला गुण कमी पडले तर इमारतीमागचं शेत जाणार. परिपत्रक वाचलंत ना?

देमिस्सेव: वाचलं. ज्या विभागाचं संशोधन जग वाचतं त्याला जागा द्या. ज्याचं कुणी वाचत नाही, त्याच्याकडून असलेली काढून घ्या. आता माझी लाखोळीची डाळ काही कुणी वाचत बसत नाही, बाई. लोक तिला शिजवून खातात.

बेझावित: पण तुम्ही चारच का लिहिलेत? माझ्या डोळ्यांदेखत किती गेले! निम्मे मीच टाइप केलेत.

देमिस्सेव: म्हणून तर त्यात इतक्या चुका.

बेझावित: थांबा, थांबा. शेवटच्या नावाच्या रकान्यात मी 'देमिस्सेव' घालतेय.

देमिस्सेव: बरोबर आहे. तेच नाव माझं.

बेझावित: आपल्या लेखी. त्यांच्या लेखी जे शेवटी येतं ते खरं नाव. म्हणजे वोल्देयेस. तेच टाकते.

देमिस्सेव: वोल्देयेस माझा बाप. जन्मात एक अक्षर लिहिलं नाही त्यानं. मतदानालासुद्धा अंगठा.

बेझावित: अगं आई गं.

देमिस्सेव: काय झालं? लाइट गेली?

बेझावित: नाही. आले. सगळे आले. नव्वदच्या आसपास आहेत. 'वोल्देयेस, डी.' गाशे, हा तोच आहे. आपल्या फाटकावरच्या फलकातला!

देमिस्सेव: कुठला फलक? तो मोबाइल कंपनीचा?

बेझावित: रोज त्याच्याखालून येता ना तुम्ही? 'जगात सर्वाधिक उद्धृत होणारे आमचे संशोधक, वोल्देयेस डी.' त्या एका नावाच्या जोरावर यंदा आपण आफ्रिकेतल्या नामांकित विद्यापीठांत गेलो. मला वाटलं मेडिकलचे कुणी जुने सर्जन असतील, निवृत्त झाले असतील. कारण यादीत ते मेडिकलमध्येच आहेत. त्यांचे गुणही मेडिकलला जातात.

देमिस्सेव: लाखोळीवाला माणूस मेडिकलमध्ये कशाला बसेल?

बेझावित: तेच बघतेय. हा तुमचा. लाखोळीतलं विष आणि भिजवण्याचं पाणी. हा पण तुमचा. हा... हा नाही तुमचा. 'बाळंतपणात फाटलेल्या स्त्रियांची शस्त्रक्रिया.' पुढचाही तसलाच. त्याच्या पुढचाही.

देमिस्सेव: दान्याचेव.

बेझावित: कोण?

देमिस्सेव: दान्याचेव वोल्देयेस. दक्षिणेला, त्या तळ्याकाठच्या शहरात सर्जन होता. त्याच्या बापाचं नाव वोल्देयेस, माझ्याही बापाचं वोल्देयेस. नात्यागोत्याचं काही नाही. तुझ्या या यंत्रानं आम्हा दोघांना एका कातड्यात घातलंय.

बेझावित: म्हणजे बहुतेक निबंध त्यांचे, म्हणून विभाग मेडिकल. आणि शेवटचा निबंध तुमचा, म्हणून पत्ता आपला.

देमिस्सेव: बघ, मधल्यामध्ये एक माणूस जन्माला आला. सकाळी बायकांना टाके घालतो, दुपारी डाळ पेरतो.

बेझावित: तुम्ही ओळखता त्यांना?

देमिस्सेव: आमची टपालाची दोस्ती. जर्मनीच्या कुणी बाईनं एकदा मला विचारलं, मूत्राशय शिवायला तुम्ही कुठला दोरा वापरता? मी म्हटलं, बाई, मी गोणी शिवतो, आणि तीही सुतळीनं. त्याच सुमाराला त्याला कुणीतरी विचारलं, लाखोळी किती तास भिजवायची. त्यानं ते पत्र मला धाडलं, वर चिठ्ठी, 'तुझा चारा माझ्या गोठ्यात आला.' तेव्हापासून चालू झालं. एकदा राजधानीत भेटलो, बसस्टँडवर. उपासाचे दिवस, एका ताटातून डाळीच्या पिठाचं शिरो खाल्लं. त्यानं पहिला घास माझ्या तोंडात भरवला.

बेझावित: आहेत का अजून?

देमिस्सेव: गेला. मागच्या मोठ्या उपासाच्या आधी. लघवी गळून घाण वास येतो म्हणून ज्या बायकांना घरचे गोठ्यात झोपवायचे, त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून बोलायचा म्हणे. त्याची बायको, त्सिगे, मला अजून प्रत्येक सणाला फोन करते. मला आधी, तिच्या भावाला नंतर.

बेझावित: बरं. मी लगेच तक्रार टाकते, ही दोन माणसं वेगळी करा म्हणून.

देमिस्सेव: टाक.

बेझावित: टाकली. उत्तर पण आलं. 'आपली विनंती मिळाली. सहा ते आठ आठवड्यांत...' डोंबल तुमचं!

देमिस्सेव: उत्तर तत्परतेनं दिलं पण. शिकण्यासारखं आहे.

बेझावित: हाताने वेगळं करून बघते. फक्त तुमचे धरले तर... तर... 

देमिस्सेव: सांग ना. इतका म्हातारा नाही झालो.

बेझावित: एक्केचाळीस वेळा कुणीतरी तुमचा उल्लेख केलाय.

देमिस्सेव: दर साली?

बेझावित: एकूण. सगळ्या वर्षांचा मिळून.

देमिस्सेव: हं.

बेझावित: आणि त्यात काही ठिकाणी तुम्हीच तुमचा केलाय.

देमिस्सेव: दुसरं कोण करणार होतं? शेजारी?

बेझावित: विभागाला पाहिजेत त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत हे. खरं सांगू का गाशे, मला वाटलं होतं तुमचे निबंध सापडले की सुटलो. आता सापडले तरी सुटत नाही.

देमिस्सेव: ते रेडिओवरचं भाषण धरलंस का? भिजवायचं कसं, पाणी कधी फेकायचं, ते. अजून लावतात दर दुष्काळात. आणि ती आपल्या भाषेतली पत्रिका, जी पाद्री लोक रविवारी प्रार्थनेनंतर वाचून दाखवतात.

बेझावित: रेडिओला गुण नाहीत.

देमिस्सेव: पाद्र्याला?

बेझावित: पाद्र्यालाही नाहीत.

देमिस्सेव: बरं झालं विचारलं. उगाच आशेवर राहिलो असतो.

बेझावित: तुमच्या बिनविषारी लाखोळीचं बियाणं दुसरीकडे हलवता नाही येणार? राजधानीच्या बियाणे पेढीत?

देमिस्सेव: पाठवलं होतं की. त्यांनी विचारलं, या वाणावर गाजलेला निबंध कुठला? मग घेतलं नाही.

बेझावित: आपल्या शीतगृहात असेल ना थोडं.

देमिस्सेव: शीतगृह! मागच्या पावसाळ्यात लढाई चालू असताना वीज कधी होती आपल्याकडे? डब्यांत भुंगे झाले. हातात घेतलं तर नुसता भुगा. जे धड राहिलं ते निवडून सगळंच्या सगळं पेरलं यंदा. आता जे आहे ते मातीत आहे. शेंगा धरल्यात, दाणा अजून दुधात आहे.

बेझावित: आणि गावांत वाटलं होतं ते?

देमिस्सेव: गावात टिकत नाही गं. शेजारच्या रानात जुनी विषारी लाखोळी असते, मधमाशा तिकडचा पराग इकडे आणतात. चार-पाच हंगामांत पोर पुन्हा बापावर जातं. म्हणून तर इथं जाळीखाली ठेवावं लागतं, आणि दर काही वर्षांनी गावांना नवं द्यावं लागतं. हे शेत म्हणजे विरजण आहे. तेच सांडलं तर दही कशाला लावशील?

बेझावित: गाशे, एक वाट आहे.

देमिस्सेव: तुझा चेहराच सांगतोय की ती वाट नीट नाही.

बेझावित: या वोल्देयेसवर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही. तो आपल्याच विद्यापीठात दाखवतोय. कुणी एकानं सही करून दिली की 'ही सर्व कामं माझी आहेत,' तर तो त्या माणसाच्या विभागात जातो. लगेच. आजच्या आज. सगळे गुण तुमच्या विभागाला.

देमिस्सेव: सगळी कामं माझी?

बेझावित: हो.

देमिस्सेव: ती टाके घातलेली बाईसुद्धा?

बेझावित: कागदावर, गाशे.

देमिस्सेव: मी त्याच्या ताटात जेवलोय, पोरी.

बेझावित: ते गेलेत. त्यांचं काही जात नाही.

देमिस्सेव: मेलेल्या माणसाचं दुसरं काय उरतं? तेवढंच तर असतं. त्सिगेनं एखाद्या दिवशी नातवाला दाखवायला नाव टाकलं या यंत्रात, तर काय दिसेल? आजोबा डाळीचे तज्ज्ञ होते?

बेझावित: आताही तेच दिसतं! आताही ते आपल्या मेडिकलचे म्हणूनच दिसतात. चोरी तर झालीच आहे. आपल्या लोकांनी कळून सवरून गप्प राहून केली आहे. फलक लावलाय तिचा.

देमिस्सेव: मग मी कशाला हात बुडवू त्यात?

बेझावित: कारण त्या चोरीवर मेडिकलला नवी यंत्रं आली, आणि तुमचं शेत चाललंय! ज्यांनी काही केलं नाही त्यांना मिळतंय. तुम्ही केलंत आणि तुम्ही मात्र सभ्य गृहस्थासारखे गाबी सावरून घरी जाणार. किती छान वाटेल तुम्हाला! हात स्वच्छ, शेत साफ.

देमिस्सेव: तोंड फार चालायला लागलंय तुझं, पदावर आल्यापासून.

बेझावित: तुम्हीच शिकवलंत. तोंडी परीक्षेत मी गप्प बसले होते तेव्हा काय म्हणाला होतात?

देमिस्सेव: आठवत नाही.

बेझावित: म्हणाला होतात, लाजशील तर उपाशी मरशील.

देमिस्सेव: माझ्या बापाचं होतं ते. माझं नाही. बघ, सवय लागली दुसऱ्याचं आपल्या नावावर खपवायची.

बेझावित: वडिलांना झालं होतं ना ते, लाखोळीचं? तुम्ही वर्गात कधी बोलला नाहीत. दुसऱ्यांकडून कळलं आम्हाला.

देमिस्सेव: वर्गात काय बोलायचं त्यात. पाऊस आला नाही त्या वर्षी. ज्वारी गेली, तेफ गेलं, गहू गेला. लाखोळी तेवढी उभी, तिला पाणी लागत नाही. मग काय खाणार? सकाळी लाखोळी, रात्री लाखोळी. आई आम्हा पोरांना मोजून द्यायची. जास्त खाल्ली की पाय जातात, तिला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत असतं. बाप नांगर धरायचा म्हणून त्याला जास्त. असं तीनेक महिने चाललं. एक दिवस ओढ्यावरून पाणी घेऊन येताना गुडघ्यात गाठ बसली त्याच्या. कळशी सुटली. मग कधीच सुटली नाही ती गाठ. दोन काठ्या, आणि टाचा जमिनीला लागायच्या नाहीत. तिशी पण नव्हती उलटली. पुढचं सगळं आयुष्य दाराशी दोऱ्या वळत बसला.

बेझावित: गाशे...

देमिस्सेव: आणि माणूस कसा होता माहितीये? मोहोळ उठल्यासारखा चिडायचा. लोक कीव करायला आले की काठी फेकून मारायचा. मी शिकायला निघालो तेव्हा म्हणाला, मोठा हो, पण मला बरं करायच्या गप्पा मारू नको, बरं होत नाही हे. दुसऱ्या कुणाला होऊ नये एवढं जमलं तर बघ. तेवढं एकच मागितलं त्यानं. मला ते... जमलं होतं, बेझावित. ते जाळीखाली आहे ना, ते जमलेलं आहे. पुढच्या दुष्काळात कुणी पोट भरून खाल्लं तरी चालेल असं आहे ते.

बेझावित: मग सही करा.

देमिस्सेव: साडेचार झाले?

बेझावित: होत आले.

देमिस्सेव: सही केली की शेत राहतं? नक्की?

बेझावित: परिपत्रकात स्वच्छ लिहिलंय. गुण पुरेसे असतील त्या विभागाची जमीन त्याच्याकडेच राहील.

देमिस्सेव: परिपत्रकाचं राहू दे. तू सांग.

बेझावित: राहतं. माझ्या बापाची शपथ.

देमिस्सेव: बापाची नको घेऊ. आज बापांना फार राबवलंय आपण.

बेझावित: इथे. या रेघेवर. आणि खाली तारीख.

देमिस्सेव: पेन दे. माझं चालत नाही. ...दान्याचेव, माफ कर बाबा. त्सिगेला मी सांगेन. कसं सांगेन ते देवाला ठाऊक, पण सांगेन. घे.

बेझावित: फोटो काढते. चढवते. चढतंय... चढतंय... मारियम माते, आता वीज जाऊ देऊ नको... गेलं! स्वीकारलं, गाशे! वोल्देयेस डी., वनस्पती विभाग. गुण बघा! तुम्ही मेडिकलच्याही वर!

देमिस्सेव: छान. कॉफी आहे का गं तुझ्याकडे? तोंड कडू झालंय.

बेझावित: आत्ता करते. आज मक्याच्या ताज्या लाह्या पण आणल्यात... या सर, या. दारात काय उभे?

गेताहुन: येणारच! उपकुलगुरू असलो तरी माणूस आहे मी. फोनवर यादी बघत होतो, तर वनस्पती विभाग एकदम शिखरावर! म्हटलं, चमत्कार झाला की संगणक बिघडला. डॉक्टर देमिस्सेव, म्हणजे फलकावरचे ते महापुरुष तुम्हीच? आणि आम्ही अख्ख्या मेडिकल कॉलेजात शोधत होतो तुम्हाला!

देमिस्सेव: बसा, डॉक्टर गेताहुन.

गेताहुन: बसायला वेळ कुठे. अभिनंदन! इतकी वर्षं आमच्या नाकासमोर बसून पत्ता लागू दिला नाहीत, याला म्हणतात विनय. आता तुमच्या प्राध्यापकपदाचं काम मी स्वतः पुढे नेणार. आणि परवाच्या भूमिपूजनाला तुम्हीच बोलायचं. मंत्रिमहोदयांच्या शेजारी खुर्ची.

बेझावित: कसलं भूमिपूजन, सर?

गेताहुन: संशोधन उत्कृष्टता भवनाचं! आपण नामांकितांत आलो, त्याचं बक्षीस म्हणून निधी आलाय. मशीन उद्या सकाळीच येणार, जागा सपाट करायला. वनस्पती विभागाच्या मागची.

बेझावित: सर, ती जागा गाशेंची. म्हणजे विभागाची. आता गुण आहेत ना विभागाला! आत्ताच चढवले. परिपत्रकात लिहिलंय की...

गेताहुन: बरोबर लिहिलंय. नव्या आर्थिक वर्षापासून लागू. ही जागा त्याआधीच्याच बैठकीत ठरली. झालेल्या गोष्टी परिपत्रक उलट्या करत नसतं, बेझावित. तुम्ही नव्या आहात, कळेल हळूहळू. पण गुण वाया जात नाहीत हं! पुढच्या वेळी जमीन मागा, पहिला हक्क तुमचा.

देमिस्सेव: पुढच्या वेळी काय पेरू?

गेताहुन: म्हणजे?

देमिस्सेव: सगळं बी त्या मातीत आहे. दाणा कच्चा आहे. एक महिना द्या. दीड. गेन्नाचा सण होऊ दे, तिमकतचा होऊ दे, शेंगा वाळतील, मी स्वतः उपटून देतो. मग खणा तुम्हाला किती खोल खणायचं ते.

गेताहुन: गाशे, मला आनंदच झाला असता. पण मंत्र्यांची तारीख महिनोन्‌महिने मिळत नाही. कुंड्यांत घालून हलवा ना. हवी तर माझी गाडी पाठवतो.

देमिस्सेव: लाखोळीचं मूळ शेंगा धरल्यावर हलत नाही.

गेताहुन: मग त्यातल्या त्यात उत्तम नमुने ठेवा. छायाचित्रं काढा! भवनाच्या दर्शनी भिंतीवर मोठी लावू. खाली तुमचं नाव.

देमिस्सेव: डॉक्टर गेताहुन, ती यादी खोटी आहे.

बेझावित: गाशे!

देमिस्सेव: त्यातले सत्तर निबंध माझे नाहीत. एका सर्जनचे आहेत, तो मेला. मी खोटी सही केली, आत्ताच, इथे बसून. या पोरीचा दोष नाही. यादी परत मागवा. फलक उतरवा. नामांकित राहणार नाही आपण, मग भवन पण नको, आणि मशीन पण नको.

गेताहुन: लाह्यांचा वास छान येतोय, बेझावित.

देमिस्सेव: मी काय म्हणालो ते...

गेताहुन: मी काही ऐकलं नाही, गाशे. आणि तुम्हीही काही म्हणाला नाहीत. यादी राजधानीत पोचली. तुमच्या सहीनिशी पोचली. कालपर्यंत ती यंत्राची चूक होती, कुणाचीच नव्हती. आता तिला मालक आहे. तुमच्या वयात चौकशी, पेन्शन थांबणं, बेझावितची नोकरी... छे, कशाला बोलायचं असलं? मोठ्या माणसांची भाषणं छोटी असावीत, एवढंच परवासाठी लक्षात ठेवा. आणि कोट घाला. येतो मी.

बेझावित: गेला. ...गाशे, मी उघडून बघते. मागे घेता येत असेल. थांबा. 'मुदत संपली.' का संपली? पाचला अजून... दाबते पुन्हा. 'मुदत संपली.' अगं बाई, घे ना!

देमिस्सेव: सोड.

बेझावित: मी शपथ घेतली हो! बापाची शपथ घेतली मी. मला खरंच वाटलं. परिपत्रकावर तारीख होती कुठेतरी खाली, बारीक, मी बघितलीच नाही. मी तुम्हाला चोर केलं आणि शेतही...

देमिस्सेव: रडू नको. सही माझ्या हातानं झाली. तुझ्या शपथेवर विश्वास ठेवायची मला गरज होती, म्हणून ठेवला.

बेझावित: शिव्या द्या मला. काठी फेका तुमच्या वडिलांसारखी.

देमिस्सेव: मला काठी लागत नाही अजून. लाखोळी कमी वाट्याला आली माझ्या.

बेझावित: आपण आत्ता जाऊ. दोघं मिळून उपटू सगळं. माझ्या घराच्या अंगणात पसरू, जेवढं पिकेल तेवढं पिकेल.

देमिस्सेव: दुधातला दाणा आहे. सुकून सुरकुततो. रुजत नाही. मी करून पाहिलंय ते, लिहिलंय पण त्यावर. त्या एक्केचाळिसांत कुणी वाचलं असेल तर.

बेझावित: काहीच नाही का करता येणार?

देमिस्सेव: त्सिगेला फोन करायचा आहे. सणाची वाट नको बघायला. तिचा येण्याआधी आपला गेला पाहिजे.

बेझावित: मी बसते शेजारी. लावून देऊ?

देमिस्सेव: इथून नको. घरून करतो. माझी काय लायकी आहे ते ऐकायला तू कशाला हवीस? तुला उद्या दुसरं काम आहे. सकाळी जाशील का शेतावर? मी नाही जाणार. मला ते बघवणार नाही.

बेझावित: जाईन. काय करू तिथे?

देमिस्सेव: मशीनबरोबर मजूर येतील. उपाशीपोटी येतात ती माणसं. कोवळ्या शेंगा दिसल्या की हात जाईल त्यांचा, जातोच कुणाचाही. मग मुकादम ओरडेल, अरे, लाखोळी आहे, खाऊ नका, पाय जातील.

बेझावित: मग?

देमिस्सेव: तू सांग त्यांना, खा. पोटभर खा म्हणावं, पोरांसाठी घरी पण न्या. ह्याच्यानं काही होत नाही.